अक्कांची पिठोरी

ललिताचा फोन आला तेव्हा मी धारला नातीचं भाषण लिहून देत बसले होते. मदर्स डे कसा सुरू झाला, यावर तिला शाळेत दोन मिनिटं हिंदीत बोलायचं होतं. परदेशात कुणा एका लेकीने आईच्या आठवणीत तो सुरू केला, इथवर आले आणि देवासहून ललिता म्हणाली, "काकीजी, अक्का चली गईं... सुबह चाय लेके गई तो..." ललिता ही अक्कांची वरच्या मजल्यावरची भाडेकरू आणि अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. वय पंच्याऐंशीच्या पुढे, त्यामुळे 'सोनं झालं' वगैरे मीही चारचौघींत म्हणून घेतलं. तेरावं करून परतले तोवर भाषण होऊन गेलं होतं, पण नातीचा प्रश्न उरला होता. "आजी, अपना वाला मातृदिन किसने चालू किया?" मी 'पिठोरी अमावास्या' एवढंच म्हटलं आणि उठून आत गेले. उत्तर लांब होतं, आणि त्यात माझी काही शोभा नव्हती.

लग्न होऊन देवासला आले ती बी.ए.ची पदवी पदरासारखी डोक्यावर घेऊन. अंधश्रद्धेवर बोलून कॉलेजात कप जिंकलेली बाई! सासरी श्रावणातल्या अमावास्येला सासूबाई पिठोरी पूजत. चौसष्ट योगिनींचं चित्र, खीरपुरी आणि शेवटी मुलांना वाण. खिरीची वाटी डोक्यावरून मागे धरायची, 'अतीत कोण?' म्हणजे अतिथी कोण आलंय असं विचारायचं, आणि पाठीमागे उभ्या मुलाने 'मी' म्हणून ती घ्यायची. आईने वळून बघायचं नाही. मी एकदा अक्कांना म्हटलं, "पोरांचे लाड करायला एवढा घाट कशाला?" अक्का पुऱ्या लाटत होत्या. "लाडाचा दिवस नाही गं हा. कहाणी नीट ऐकलीस का कधी? एका बाईची मुलं दर वर्षी याच अमावास्येला जात. शेवटी घरच्यांनी मेलेलं मूल ओटीत घालून तिला बाहेर काढलं. रानात योगिनी पूजेला आल्या. नैवेद्य हातात घेऊन म्हणाल्या, अतीत कोण? ती म्हणाली, मी. त्यांनी तिची मुलं परत दिली. तिथून सुरू झालं हे." पुरी कढईत सोडून म्हणाल्या, "घरात कुणी विचारलं नव्हतं ना तिला." अक्कांचं स्वतःचं बाळ सव्वा महिन्याचं होऊन गेलेलं, पुढे झालं नाही. हे ठाऊक असूनही मी त्यांना लाडांबद्दल विचारत होते. शहाणी!

सासूबाई गेल्या आणि थोरली म्हणून पूजेला अक्का बसल्या. माझा मिलिंद अडीच वर्षांचा. अक्कांनी महिनाभर आधीपासून त्याला पढवलं होतं. "भिया, मैं पूछूँगी अतीत कोण, तू क्या बोलेगा?" तो "मी!" असं ओरडून टाळ्या वाजवी. पण त्या सकाळी समोरच्या काकू माझ्या कानाशी लागल्या, "जिचं स्वतःचं जगलं नाही, तिच्या हातचं वाण तुझ्या एकुलत्याला? बघ बाई..." आणि कप जिंकलेली बाई घाबरली. संध्याकाळी अक्कांनी वाटी मागे धरली. "अतीत कोण?" मिलिंदने तोंड उघडलं, मी ते हाताने दाबलं. "अतीत कोण?" वाटीतली खीर हलत होती. तिसऱ्यांदा त्यांनी इतक्या हळू विचारलं, की... मग वाटी खाली ठेवली. "झोपला वाटतं," एवढंच म्हणाल्या आणि निरांजनाची वात पुढे केली.

पुढल्या वर्षी यांची बदली धारला झाली. सुटले, असं वाटलं मला. अक्का एकट्या पूजा करत राहिल्या, मिलिंदला खाऊ पाठवत राहिल्या, आणि मी पत्रांत 'बाकी क्षेम' लिहीत राहिले. चाळीसेक वर्षं. एरवी मी कुणालाही बोलण्यात हरवीन, पण हे एक वाक्य काही तोंडातून निघेना.

यंदा होळीनंतर देवासला भेटायला गेले तेव्हा अक्का भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजल्या होत्या. त्या तशा असतानाच मी बोलून घेतलं, समोरासमोर धीर झाला नसता.

"अक्का, त्या पिठोरीला मिलिंद जागा होता. मी त्याचं तोंड दाबलं होतं."

"माहीत आहे. बांगड्या वाजल्या तुझ्या."

"मग बोलला का नाहीत? एक थोबाडीत द्यायचीत."

"देणार होते. पण नवी आई तू, घाबरलेली... मीही तशी घाबरले होते एकदा." थोडा दम घेतला. "पोराचं तोंड दाबलंस, बरं. तुला तर तोंड होतं ना, सुमन? साऱ्या देवासशी बोलायला होतं. तू म्हणायचंस, मी."

इतक्या वर्षांत हे मला सुचलंच नव्हतं. कहाणीतही उत्तर देणारं मूल नव्हतं, बाईच होती. बी.ए.वालीला एवढं कळायला सत्तरी उलटावी लागली.

अक्कांच्या उशाशी बिस्किटांची बशी होती. त्यांचा हात चाचपडत तिच्यापर्यंत गेला. एक बिस्किट उचलून त्यांनी खांद्यावरून मागे धरलं आणि विचारलं. या वेळी एकदाच.

मी उत्तर दिलं. आवाज असा चोरटा निघाला, की पुन्हा दिलं. त्यांनी मान वळवली नाही. बिस्किट सादळलेलं होतं. मी ते उभ्यानेच खाल्लं.