इंटरवलला अडकलेला बैल

चांगुणाकाकी शेवटी भ्रमली नव्हती.

हे मला माहीत होतं. आणि दहाव्याला सगळ्यांमध्ये उभा असून मी गप्प राहिलो.

आज तिचं तेरावं.

तुमच्यातले बरेच जण मला सिनेमांवरच्या पोस्टमुळे ओळखतात. कॅमेरा, एडिटिंग, दिग्दर्शकाने काय दाखवलं, काय लपवलं. तुम्ही कौतुक करता. मलाही ते आवडतं.

पण गोष्ट कशी सांगायची हे मी पडद्यासमोर बसून शिकलो नाही. वैशाखऱ्याजवळच्या आमच्या शेतात, भाताच्या आवणीला शिकलो.

काकी म्हणजे शेजारच्या बाळारामची आई. म्हसा गावच्या गुरांच्या जत्रेत तेव्हा तंबूत सिनेमा लागायचा. काकी तो बघायची आणि पावसाळ्यापर्यंत जपून ठेवायची.

मग चिखलात वाकून भात लावता लावता बायकांना सांगायची. सिनेमात घोडा आला की हातातली रोपांची जुडी पाण्यावर आपटायची. टप टप टप. आम्हा पोरांना घोडा दिसायचा.

बांधावर भाकर सोडली की म्हणायची, "इंटरवल. आता कोनी काय इचारायचा नाय."

बायका भराभर जेवून परत वाकायच्या.

मात्र दिवस मावळायच्या आत ती सिनेमा संपवायचीच. कितीही लांबलेला असो.

"अर्धी गोष्ट घरी न्यायची नाय रे. मानूस झोपत नाय."

अलीकडे तिला दिसत नव्हतं. अंथरुणावरच असायची. मी शहापूरहून रविवारी गावी गेलो की हाक यायची, "दत्त्या, काय नवीन बगितलास? सांग."

त्या रविवारी मी तिला मोबाईलवर पाहिलेला एक परमुलखातला सिनेमा सांगायला घेतला. एका म्हाताऱ्याचा बैल हरवतो. म्हातारा त्याला शोधत गावोगाव चालत जातो. एवढीच गोष्ट.

"बैलाचा रंग कंचा?"

"रंग नाय गो काकी. सिनेमात बैल दाखवलाच नाय. नुसता घंटेचा आवाज."

"आनि मंग आमी वलखायचा कसा? रंग सांग."

"तांबडा," मी ठोकून दिलं.

"शिंगा?"

"एक वाकडा हाय."

"हां. आता चल फुडं."

म्हातारा नदीवर पोचतो. पूर आलेला. पलीकडच्या धुक्यात घंटा वाजते.

मी तिथे थांबलो. "इंटरवल."

ती हसली. "मेल्या, माझाच माझ्यावर काय रे?" मग म्हणाली, "सांगून टाक ना. त्याचाच का बैल तो?"

"फुडच्या रविवारी. जरा धाकधूक राहू दे."

घरी येताना मी स्वतःवर खूश होतो. काकीलाच काकीची विद्या दाखवली होती ना.

पुढच्या रविवारी मी गेलो नाही. एक नवीन सिनेमा आला होता, त्यावर इतरांच्या आधी लिहायचं होतं. ती पोस्ट तुम्ही खूप शेअर केलीत.

त्याच आठवड्यात काकी गेली.

मी पोचलो तेव्हा बाळारामची बायको दारात कुणाला तरी सांगत होती, "शेवटी डोसका फिरला हो त्यांचा. दिसभर येकच. बैल गावला का, बैल गावला का. आपले बैल कवाच इकले, सांगून सांगून थकलो."

मी चप्पल काढली आणि आत जाऊन बसलो.

दहाव्याला नदीवर पिंड ठेवला. कावळा फांदीवरून उतरेना. बाळारामने हात जोडून काय काय कबूल केलं. नातीचं लग्न, देवीचा मान. कावळा जागचा हलला नाही.

शेवटी तो म्हणाला, "आये, म्हशाला जाऊन बैल आनतो. गोठ्यात बांधतो."

थोड्या वेळाने कावळा पिंडाला शिवला.

बायका डोळे पुसत म्हणाल्या, "बैलातच जीव होता म्हातारीचा."

कावळा कशाला शिवला ते देव जाणे. मला एवढंच माहीत होतं की ती कुठल्या बैलाचं विचारत होती. पण चार माणसांत कसं सांगू, की बैल सिनेमातला होता? लोक हसतील असं वाटलं.

श्रावणात देवळात मी पोथी वाचतो. अध्याय अर्धा ठेवून आजवर कधी उठलो नाही. काकीच्या अंथरुणापासून मात्र सहज उठलो.

कुठे थांबायचं यावर मी तुम्हाला केवढं लिहून दाखवलंय. ते सगळं पुढचा रविवार हातात असलेल्या माणसांसाठी होतं. काकी बांधावर इंटरवल करायची, पण परत त्याच चिखलात उतरायची. तेवढं मी शिकलो नाही.

म्हशाची जत्रा तोंडावर आलीय. आज सकाळी बाळारामला बाजूला घेतलं.

"बैल आणू नको," म्हटलं, आणि सगळं सांगितलं.

त्याने रिकाम्या गोठ्याकडे पाहिलं.

"म्हंजे आय शुद्धीत होती."

"हो."

"आमी तिला गप बस बोललो रे दत्ता. वरडलो पन."



मग तो म्हणाला, "बैल तर आता आनावाच लागंल. शब्द दिलाय. तुज्या सिनेमापायी मला येक खुटा ठोकावा लागनार."

दोन पावलं गेला आणि परत वळला.

"मंग? गावला का त्याचा बैल?"

आम्ही ओट्यावर बसलो. मी पहिल्यापासून सांगितलं. रंग आधी सांगितला. मध्ये थांबलो नाही.

काकी, तो त्याचाच होता. तांबडा, एक शिंग वाकडं. पाणी ओसरल्यावर आपणहून अलीकडे आला आणि म्हाताऱ्याच्या मागे घरी गेला.

सिनेमा संपला, काकी.

आता झोप.