डोळेकाकू आणि आंधळा मासा

"प्लास्टिक काय असतं ते तू मला शिकवू नकोस."

"शिकवत नाहीये, आई. मी एवढंच म्हणतेय की..."

"जन्मभर लोकांच्या डोळ्यांत तेच बसवलंय मी. त्यातून आजवर एकालाही काही दिसलेलं नाही. आणि आता म्हणे ते माझ्या डोळ्यात घालायचं, आणि मला दिसणार!"

"अगं, तुझा तो डोळा वेगळा, हे भिंग वेगळं. आरपार दिसतं त्यातून. मोतीबिंदू काढायचा, तिथं हे सरकवायचं, संध्याकाळी घरी."

"संध्याकाळी घरी! भाजी आणायला निघालेय का मी?"

"नको ना, मग बस अशीच. आणि हे असले डोळे करत राहा."

लेकीनं टेबलावरची डबी पुढे ढकलली. डबीत कापसावर एक प्लास्टिकचा डोळा होता. सकाळीच परत आलेला. कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याचा.

म्हातारीनं डबीवर फडकं टाकलं, जसं एखाद्यानं चारचौघांत आपली फाटकी बाही झाकावी.

गल्ली तिला डोळेकाकू म्हणायची. अपघातात, आजारात, भांडणात ज्यांचा डोळा गेला ते तिच्या दारात यायचे. खोली तशी लहानच. उत्तरेला खिडकी, खिडकीशी टेबल, टेबलावर रंगांच्या बशा, भिंतीला लागून सपाट खणांचं एक कपाट. खण ओढला की दोनशे डोळे एकदम वर बघायचे. नवा माणूस दचकायचा. काकू म्हणायची, "घाबरू नका, त्यातला एकही तुम्हाला बघत नाहीये."

हे काम तिला माहेरून आलेलं नव्हतं. ती सून म्हणून या घरात आली तेव्हा मामंजी, म्हणजे तिचे सासरे, इथं बसायचे. नवऱ्याला या कामाचा कंटाळा. तो म्हणायचा, "सगळ्या दुनियेनं डोळे वटारलेत माझ्यावर." म्हणून मामंजींनी सुनेला बसवलं. आधी नुसतं पांढरं कालवायचं. मग शिरा. रेशमाच्या लाल धाग्याचे तंतू सुटे करून ते पांढऱ्यावर एकेक ठेवायचे. सगळ्यात शेवटी बुबुळ. आणि ब्रश उचलण्याआधी, दर वेळी, ओठांतल्या ओठांत देवाला एक वाक्य: उजेड तुझा, हात माझा.

मामंजींचा नियम एकच होता. जिथं दिवा विझलाय तिथंच आपला हात. तेवत्या दिव्याला आपण शिवायचं नाही, तो ज्यानं लावला त्याचा. म्हणूनच ऑपरेशनला काकू नाही म्हणत होती.

लेक याच टेबलाखाली रांगत, ते वाक्य ऐकत मोठी झाली. आणि शिकून गेली कुठं, तर आंधळ्या माशांकडे! गुहेतल्या काळ्याकुट्ट पाण्यात राहून ज्यांचे डोळेच गेले, अशा माशांचा अभ्यास करते म्हणे. ती पहिल्यांदा सुट्टीला घरी आली आणि ताटावर बसल्या बसल्या म्हणाली होती, डोळा कुणी एकदम केलेला नाही, तो होत होत आलाय. काकूचा घास हातातच राहिला होता.

"नुसता दिसायला डोळा करायचा," ती म्हणाली होती, "ज्यातून दिसतही नाही असा. तो आपोआप होत नाही. मला मान मोडून बसावं लागतं. आणि खरा डोळा आपोआप झाला?"

"आपोआप म्हटलं नाही. हळूहळू म्हटलं."

तेव्हापासून दोघींनी डोळ्याचा विषय मिठासारखा जपून वापरला. आज मात्र बरणीच उपडी झाली होती.

सलूनवाला सकाळी आला तो हसत हसतच. साठीचा माणूस, तोंडानं फटकळ.

"काकू, रागावू नका. मला काय, मला आरशात अर्धंच दिसतं. पण बायको म्हणते, एक डोळा म्हातारा आणि एक डोळा तान्हा. गिऱ्हाईक खुर्चीत बसतं आणि वस्तऱ्याकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघतं."

काकूनं डोळा हातात घेतला, खिडकीशी नेला, त्याच्या खऱ्या डोळ्याशेजारी धरला. दोन्ही सारखेच. तिनं पुन्हा धरला. सारखेच! मग लेकीनं मागून येऊन बघितलं आणि हळूच म्हणाली, "आई, त्यांच्या डोळ्याचं पांढरं पिवळसर झालंय गं. वयानं. तू केलेलं दुधासारखं आहे."

मोतीबिंदू पिकत आला की सगळं जग चहाच्या पाण्यातून बघितल्यासारखं दिसतं. काकूला सगळंच पिवळं दिसत होतं, त्यामुळे पिवळं काय ते कळतच नव्हतं. सलूनवाल्याला तिनं परवाचा वायदा दिला. तो गेला, आणि मग हे भांडण पेटलं.

फडक्याखालच्या डबीकडे बघत लेक म्हणाली, "मी नाही बोलत आता. फक्त उद्या माझ्याबरोबर चल. माझं काम तू एकदाही बघितलेलं नाहीस."

"आंधळे मासे बघायला आंधळी म्हातारी. छान जोडी."

पण गेली. लेकीचा हात धरून, नवं लुगडं नेसून, प्रार्थनेला जावं तशी.

प्रयोगशाळा म्हणजे काकूच्या मनात काहीतरी चकचकीत होतं. प्रत्यक्षात ओलसर वासाची एक लांब खोली. भिंतीभर काचेच्या टाक्या, पंपांची गुरगुर, एका खुर्चीवर वाळत घातलेला रुमाल. टाक्यांत फिकट गुलाबी मासे फिरत होते. डोळ्यांच्या जागी सपाट कातडी. काकूनं काचेला नाक लावलं. रिकाम्या खोबणी तिनं हजार बघितल्या होत्या. पण इथं खोबणच नव्हती. जणू तिथं कधी काही मागितलंच गेलं नव्हतं.

"जन्मतःच असे?"

"जन्माच्याही आधी बघ." लेकीनं मायक्रोस्कोपखाली एक बशी ठेवली आणि शेजारचा कॉम्प्युटरचा पडदा सुरू केला. मोहरीएवढं अंडं पडद्यावर परातीएवढं झालं. आत जीव वळवळत होता. आणि त्याच्या डोक्याला, दोन्ही बाजूंना, एकेक गोल.

काकूला हे कुणी सांगायची गरज नव्हती. "डोळा आहे की गं याला!"

"आहे. भिंगसुद्धा आहे आत. सुरुवात होते. मग ते भिंग मरतं, डोळा वाढायचा थांबतो, आत ओढला जातो, वरून कातडी येते."

"मग सुरू तरी कशाला होतो मेला?"

"याचे पूर्वज उजेडातले होते, आई. त्यांना डोळे होते. पुढच्या पिढ्या अंधारात अडकल्या. तिथं डोळ्यावाचून अडेना, तशी डोळ्याची वाट बंद होत गेली. पण पहिली काही पावलं अजून तीच पडतात."

"दर अंड्यात?"

"दर अंड्यात."

काकू पडद्याकडे बघत राहिली. किती पिढ्या अंधार, आणि तरी प्रत्येक पोर पहिल्यांदा डोळाच करायला घेतं. याला लेकीकडे एक शब्द होता, तिच्याकडे दुसरा. तिनं तो तोंडातून काढला नाही. दोन्ही शब्द त्या अंड्याहून मोठे वाटत होते.

"आणि हा बघ." लेक तिला शेवटच्या टाकीकडे घेऊन गेली. एकच मासा. या बाजूनं सपाट कातडी. तो वळला. दुसऱ्या बाजूला काळाभोर, वाटोळा, चकाकता डोळा.

काकूनं लेकीचा दंड धरला. "कुणी बसवला?"

"डोळा नाही बसवला. उजेडातल्या माशाच्या अंड्यातलं भिंग घेऊन याच्या अंड्यात, एका बाजूला ठेवलं. बाकीचा डोळा याचा यानंच वाढवला. ठेवलं मी."

"दिसतं का याला?"

लेकीला खोटं बोलणं सोपं होतं, आणि आत्ता कामाचंही होतं.

"माहीत नाही. बहुतेक फारसं नसावं. तपासतोय आम्ही."

काकूनं मान हलवली. या उत्तरावर ती रागावली नाही, हे लेकीच्या लक्षात आलं.

मग लेक कामाला बसली. एका नव्या अंड्यात भिंग ठेवायचं होतं. केसाहून बारीक सुई, श्वास रोखलेला, कोपरं टेबलाला टेकवलेली. अगदी घरच्या टेबलाशी बसावं तशी. सगळं पडद्यावर दिसत होतं, पण काकू पडद्याकडे बघत नव्हती. ती लेकीच्या तोंडाकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी सलूनवाला आला तेव्हा काकूनं त्याला खिडकीशी बसवलं आणि सरळ सांगून टाकलं. "चूक माझी झाली. मला पिवळं कळत नाही आता. पांढरं आज लेक कालवणार."

"म्हणजे मला एका डोळ्यानं दिसतं, तुम्हाला दोन्हींनी अर्धंच," सलूनवाला म्हणाला. "आपण दोघं मिळून एक माणूस भरतो, काकू."

काकू हसली. लेकीनं बशीत पिवळा थेंब टाकला, अजून एक, मग मातकट रंगाची नुसती टोकभर चव. सलूनवाल्याच्या डोळ्याशी धरून बघितलं, परत कालवलं. रेशमाचे तंतू मात्र काकूनंच ठेवले. ते लालच होते, आणि लाल तिला अजून दिसत होतं.

डोळा बसल्यावर सलूनवाल्यानं आरसा घेतला, इकडून बघितलं, तिकडून बघितलं. एरवी ज्याची जीभ कात्रीसारखी चालायची, तो माणूस आरसा टेबलावर पालथा ठेवून, वाकून, निघून गेला.

लेक बशा धुवायला लागली. काकूनं सगळे ब्रश पुसले, टोकं बोटांनी सरळ केली, आणि ब्रशांचा डबा स्वतःच्या बाजूकडून उचलून लेकीच्या बाजूला ठेवला.

"डॉक्टरला कळव," ती म्हणाली. "येते म्हणावं."

लेकीचे हात पाण्यातच थांबले. "खरंच? आणि आजोबांचा नियम?"

"दिवा विझतोय हे मान्य करायला मला वेळ लागला, एवढंच. भीती वाटते, ती वाटणारच. प्लास्टिक ते प्लास्टिक." तिनं चष्मा काढून फडक्यानं पुसला. पुसून काही फरक पडत नाही हे ठाऊक असूनही. "पण एक विचारू? रागावू नकोस."

"विचार ना."

"तू देवाला मानत नाहीस. मी काही म्हणत नाही त्याला, तुझं तुझ्याजवळ. पण काल ते भिंग ठेवताना, सुई टेकवण्याआधी, तुझे ओठ हलले. काय म्हणत होतीस?"

पाण्याची धार चालूच होती. लेकीनं तोटी बंद केली. हात पुसले, एकेक बोट, सावकाश. खुंटीवरची पिशवी खांद्याला लावली, दाराशी क्षणभर आईकडे पाठ करून उभी राहिली, आणि डॉक्टरची वेळ घ्यायला पायऱ्या उतरून गेली.