आणखी दाबलं तर?

"आजोबा, समजलं का?"

"नाही."

माझी नात सुजाता कापसाच्या गाठोड्यावर बसलेली. दुसऱ्या दिवशी तिचा पीएचडीचा इंटरव्ह्यू. विषय न्यूट्रॉन तारे. मागच्या वर्षी याच इंटरव्ह्यूत ती आपटली होती. यंदा नाही झालं तर सॉफ्टवेअरची नोकरी धरायची, असं घरात ठरलेलं. मी म्हटलं, दुकानात ये, मला समजावून सांग. मी तिसरी शिकलेला माणूस. पण मला समजलं नाही, तर चूक सांगणाऱ्याची.

हैदराबादच्या बेगम बाजारात माझं गाद्या भरायचं दुकान आहे. जुना कापूस बसून दगड होतो. तो मशीनवर पिंजून मोकळा करायचा, खोळीत दाबून भरायचा, दाभणानं, म्हणजे वीतभर सुईनं, टाके घालायचे. दाबणं हा माझा धंदाच.

"मोठ्या ताऱ्याचं जळण संपलं की त्याचा गाभा स्वतःच्याच वजनानं दबतो," सुजाता म्हणाली. "आपल्या हैदराबादेएवढा गोळा उरतो. वजन सूर्याहून जास्त."

"किती पण दाब, कापूस कापूसच राहतो."

"इथं नाही राहत. अणूच मोडतात. बहुतेक न्यूट्रॉनच उरतात."

रजई न्यायला आलेल्या परवीनखाला गालावर हात ठेवून ऐकत होत्या. "और दबाए तो क्या होता, बेटा? एकदम बीच में?"

सुजाता खाली बघत पुटपुटली, "माहीत नाही."

"तुला, का कुणालाच?" मी विचारलं.

"कुणालाच पक्कं माहीत नाही. मागच्या वर्षी हेच विचारलं. मी काहीबाही ठोकून दिलं."

मी दाभण खाली ठेवलं. "अगं, कुणालाच माहीत नाही, तर तू चोरी केल्यासारखी मान खाली का घालतेस? ताठ बसून सांग!"

तिनं सांगितलं.

"नक्को, ज़ोर से बोल!" खाला म्हणाल्या.

ती अशी ओरडली की समोरचा भांडेवाला बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी पोरगी धावतच दुकानात. "तेच विचारलं, आजोबा! म्हटलं, कुणालाच माहीत नाही, म्हणून तर आलेय. मॅडम हसल्या. मग सगळा वेळ त्यावरच बोललो."

यादीत नाव लागलं. मी मशीन बंद करून गल्लीभर जिलेबी वाटली. तिच्या हॉस्टेलची गादी मीच भरली. नवा कापूस, चांगला दाबून.

परवा परवीनखाला नवी गादी न्यायला आल्या. "बाबा, कित्ते साल चलती ये?"

"बीस साल!" मी लगेच सांगितलं.

माहीत नाही म्हणणं सुजाताच्या धंद्यात चालतं. माझ्या धंद्यात गिऱ्हाईक उठून जातं.