पासिंगची चाकं

टायरच्या दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या मालकानं विचारलं, "साहेब मागनं येतायत का?"

"कुठले साहेब? गाडी माझी आहे."

त्यानं माझ्या धाकट्या भावाकडं पाहिलं. गाडी भाऊ चालवतो, पण ती माझ्या नावावर आहे आणि माझ्या पगारावर घेतलेली आहे. आमच्या घरातली पहिली पदवी माझी, बी.एस्सी. केमिस्ट्री. डेअरीत दूध तपासायची नोकरी लागली तीही घरात पहिलीच, आणि चारचाकीही पहिली माझीच. हे सांगायला मला संकोच वाटत नाही. संकोच वाटावा असं पुढं बरंच आहे.

आमचं गाव उजनीच्या पाण्याकाठी. उन्हाळ्यात धरण उतरत जातं तसे आमचे लोक पाण्याच्या मागं मागं उपशाच्या मोटारी आणि पाइप खाली सरकवत नेतात, आणि उघड्या पडलेल्या गाळात पीक घेतात. तिथं रस्ता नसतो. मोटार खाली न्यायची, केळीचे घड वर आणायचे, हे आमच्या फोर बाय फोर पिकअपचं काम. वर आली की तीच गाडी दीड टन केळी घेऊन डांबरी रस्त्यानं पळणार. म्हणजे टायर चिखलात चालणारा हवा, डांबरावर धरणारा हवा आणि भार सोसणारा हवा. एवढं कागदावर लिहून मी सोलापूर गाठलं होतं.

मालकानं माझा कागद काउंटरवर उलटा ठेवला आणि चकाचक मॅगव्हीलवर बसवलेला एक भलामोठा रुंद टायर पुढं ढकलत आणला. "ताई, हे घाला. चाक चार बोटं बाहेर येतंय. गाव बघत राहील."

भावाचे डोळे चमकले. "ताई, लई भारी दिसंल गं."

"गावानं बघावं म्हणून गाडी घेतली नाही," मी म्हटलं. "याच्यावर भार किती लिहिलाय ते दाखवा."

"भाराचं काय घेऊन बसलात! सगळे हेच नेतात."

टायरच्या कडेला भाराचा नंबर असतो. मी वाकून वाचला. गाडी भरल्यावर मागच्या एकेका चाकावर जेवढं वजन येतं, तेवढं त्या टायरला झेपणार नव्हतं. दिसायला पैलवान, उचलायला काही नाही. शिवाय चाक बाहेर काढलं की बेअरिंगवर ताण येतो, आणि वळताना टायर मडगार्डला घासतो. आणि आमच्या गाळात तर रुंद टायरचं कामच नाही. आमच्याकडं वर वीतभर गाळ आणि खाली पक्का मुरूम. रुंद टायर वरच्या वर घसरत राहतो. अरुंद टायर गाळ कापून मुरमाला टेकतो आणि मग ओढ घेतो. हे मला कॉलेजनं शिकवलं नाही. दोन उन्हाळे घोट्याच्या वर चिखलात उभी राहून मी गाडी ढकलली आहे.

मालक हसला. "ताई लई वाचून आल्यात."

दुकानाच्या मागच्या बाजूला एक म्हातारे फिटर टायर चढवत बसले होते. हातातली पहार न थांबवता म्हणाले, "बाई कू जो होना वो देव ना सेठ. पढ के आयी तो क्या गुन्हा करी?"

शेवटी मी मला हवं तेच घेतलं. गाडीच्या मूळ मापाच्या लोखंडी डिस्क, म्हणजे टायर बसतो त्या चकत्या. अरुंद टायर, आठ प्लायचा म्हणजे आठ थरांइतका भक्कम, खोल आणि मोकळ्या नक्षीचा, म्हणजे चाक फिरताना खाचेतला चिखल झाडून टाकणारा. कडा जाड, कारण आमच्याकडं बाभळीचा काटा बोटाएवढा असतो. पहिल्यांदा मालकानं गोदामात तीन वर्षं पडून असलेले टायर काढले. कडेला चार आकडे असतात, दोन आठवड्याचे, दोन वर्षाचे. तेही वाचले. तो म्हणाला, "नवीनच हाय की, रोडला लागलंय कुठं?" मी म्हटलं, "रबर बसून बसूनही मरतं. ताजे काढा." काढले.

घरी येईपर्यंत भाऊ फुगून बसला होता. पण त्या उन्हाळ्यात आमची गाडी एकदाही रुतली नाही. दुसऱ्यांच्या गाड्या आमच्या गाडीनं दोर लावून ओढल्या. मला अभिमान वाटला. आणि त्या अभिमानातच मी फसले, कारण चांगली चाकं सगळ्या गावाच्या डोळ्यांत भरली होती.

आमच्या भागात एक रीत आहे. तिचा मला इतका उबग आहे की लिहितानाही तोंड कडू होतं. मालवाहू गाडीला ठरलेल्या मुदतीनं पासिंग करावं लागतं. गाडी तपासणीला न्यायची, टायर, ब्रेक, दिवे दाखवायचे. गावातल्या निम्म्या गाड्यांचे टायर गुळगुळीत गोटा झालेले असतात. मग काय करायचं? ज्याची चाकं चांगली त्याच्याकडून डिस्कसकट मागून आणायची आणि आपली गोटा झालेली चाकं तेवढ्यापुरती त्याच्या गाडीला लावायची. पासिंग झालं की पुन्हा अदलाबदल. तपासणाऱ्याचा यात काही दोष नाही. तो टायरच्या खाचेत बोट घालतो, बोट आत जातं, तो सही करतो. गाडी संध्याकाळी पुन्हा गोट्यावर. लग्नात दागिने मागून घालतात तितक्या सहज हे चालतं, आणि कुणाला यात खोटं काही दिसतच नाही.

माझ्या चुलतभावाची पिकअपही आमच्या गाडीच्याच कंपनीची, म्हणजे चाकं एकमेकींना बसणारी. तो रोज सकाळी बारा बायका मागं उभ्या करून केळीच्या बागेत खुरपायला नेतो. मालाच्या गाडीत माणसं न्यायची नसतात हे सगळ्यांना माहीत आहे, आणि त्या बागांकडं दुसरं काही जात नाही हेही सगळ्यांना माहीत आहे. त्या बारा जणींत एक माझी आई. मी कमावते तरी ती कामाला जाते. म्हणते, "हात चालत्यात तवर घरी बसून काय भिंती मोजू?" तिच्या सगळ्या मैत्रिणी त्या टोळीत आहेत.

चुलतभावाचे मागचे दोन्ही टायर असे होते की एका ठिकाणी रबराखालची तार दिसत होती. मी ती बोटानं त्याला दाखवली होती. तो म्हणाला होता, "अगं, तार लोखंडाची आस्ती. लोखंड झिजतंय व्हय?"

असा हा माणूस एका रविवारी चहाला आला. कप खाली ठेवून म्हणाला, "म्याडम, मंगळवारी पासिंग हाय. चाकं लागत्याली."

"नाही देणार, दादा."

"एक दिसाचं काम हाय."

"एका दिवसाचं काम तपासणाऱ्याचं. बाकीचे दिवस माझी आई तुझ्या गाडीत असते. टायर बदल, मग मी स्वतः तुझ्याबरोबर येते, चांगले निवडून देते."

तो आईकडं बघून हसला. "काकी, बघितलंस का? डेअरीत दुधाचं पाणी पकडून पकडून हिला आता नात्यातबी पाणी दिसाय लागलंय."

आई लाजली. माझ्यामुळं लाजली, त्याच्यामुळं नाही. तो गेल्यावर म्हणाली, "दे की गं. आपल्या वक्ताला तोच धावून येतोय. शिकलीस म्हणून माणसं तोडायची का?"

"आई, तू बसतेस त्या गाडीत. पडलीस म्हणजे?"

"इतकी वरसं बसत्येय, पडले का?"

मंगळवारी डेअरीतून संध्याकाळी घरी आले. दारात आमची गाडी उभी होती, आणि मला तिची काहीतरी विचित्रच कळा वाटली. बसकी, उतरलेली. मग चाकांकडं लक्ष गेलं. चारही चाकं चुलतभावाची. ती तार माझ्याच गाडीखालून माझ्याकडं बघत होती. दुसऱ्याची चूळ आपल्या तांब्यात सापडावी तसं वाटलं.

भाऊ गोठ्याकडं सटकला. आई चुलीसमोरून उठली नाही.

"कुणी दिली?"

"मी दिली," आई म्हणाली. "गाडी तुज्या नावावर आसंल, घर माजंबी हाय."

मी बाहेर ओट्यावर जाऊन बसले. बोलले असते तर वाईट बोलले असते.

सकाळी सहाला चुलतभाऊ गाडी घेऊन बायकांना न्यायला आला. पासिंग झालं होतं, खुशीत होता. गाडीला माझी चाकं तशीच होती. "बायकांना सोडून येतो, मग बदलू," म्हणाला. आई डबा घेऊन मागून चढली आणि फळीला धरून उभी राहिली, बरोबर माझ्या मागच्या डाव्या टायरच्या वर. ती चांगल्या टायरवर उभी आहे असं मी पहिल्यांदाच बघत होते. आणि हा माणूस तासाभरात तो टायर काढणार होता.

"आत्ता नको," मी म्हटलं. "मला बाहेर जायचंय. संध्याकाळी बघू."

गाडी वळणाआड गेली तशी मी भावाला म्हटलं, "किल्ली घे. सोलापूरला चल."

"ह्या चाकांवर?"

"याच चाकांवर. रिकामी गाडी आहे, हळू चालव."

गावाबाहेर पाइप फुटून रस्त्यावर पाणी वाहत होतं. तिथं भावानं ब्रेक दाबला आणि गाडी थांबायच्या ऐवजी आडवी सरकत कालव्याच्या कडेपर्यंत गेली. आम्ही दोघंच, मागं काही नाही, वेग सायकलचा. भावानं गाडी कडेपासून मागं घेतली. मग म्हणाला, "ताई, मागं आई असती तर…" मी म्हटलं, "गाडी चालव."

दुकानात म्हातारे फिटर चाकांभोवती एक फेरी मारून आले. "क्या जी बाई, मैं चढाया सो टायर किधर गये?"

"पासिंगला गेले," मी म्हटलं. त्यांनी लगेच जॅक लावला. त्यांना सगळं ठाऊक होतं.

मी पुन्हा तसलेच चार टायर निवडले. चुलतभावाच्या डिस्क उलट्या करून त्यांनी मला दाखवल्या. एकीची कड वाकलेली, दुसरीला बोल्टच्या भोकाशी चीर गेलेली. त्या दोन भंगारात टाकल्या आणि नव्या घेतल्या. मालक म्हणाला, "जुने टायर ठेवून जा ताई. बैलगाडीला जातील."

बैलगाडीला जातील का परत कुणाच्या पिकअपला, याची खात्री कोण देणार? मी फिटरना म्हटलं, "चाचा, माझ्यासमोर कापा."

त्यांनी सुरी पाण्यात बुडवली आणि चारही टायरांच्या कडा आरपार चिरल्या. मालक बघत राहिला. मी शेवटचा टायर चिरेपर्यंत हलले नाही.

संध्याकाळी चुलतभाऊ जॅक घेऊनच आला. आमच्या गाडीखाली नवे टायर बघून त्याला काही उमजेना.

"माजी चाकं कुटं हायती?"

"टायर कापले. माझी चाकं तुझ्या गाडीला राहू देत."

"कापली? कुणाला इचारून?"

"माझी काढताना मला कुणी विचारलं होतं?"

तो दारात उभा राहून बरंच बोलला. शिक्षणाचा माज, पगाराचा माज. आई मान खाली घालून ऐकत होती. मग त्याच्या ध्यानात आलं की नवे म्हणावेत असे चार टायर आपल्याला फुकट मिळालेत. त्याचा आवाज उतरला. जाताना म्हणाला, "जाऊ द्या, म्याडम. घरातलंच हाय." त्याच्या शिव्यांपेक्षा मला ते समाधान जास्त झोंबलं. लबाडी त्यानं केली आणि तिचं बक्षीस मी दिलं. पण आई त्या टायरांवर उभी राहणार होती, म्हणून दिलं.

आई माझ्याशी आठ दिवस बोलली नाही. रोज सकाळी डबा घेऊन त्याच गाडीत चढत राहिली. डेअरीला निघताना मी त्याच्या मागच्या टायरांची नक्षी बघून घ्यायचे, आणि निर्धास्त व्हायचे.

दोन महिने गेले असतील. एका सकाळी आई डबा न भरता ओट्यावर बसलेली दिसली.

"जायचं नाही का?"

"आज खाडा. गुडगा दुकतोय."

तेवढ्यात चुलतभावाची गाडी आली आणि मी चाकं बघितली. गोटा. शेजारच्या वस्तीवरच्या कुणाचं तरी पासिंग होतं. यानं माझी चाकं त्याला दिली होती आणि त्याची लावून आला होता. मी आईकडं पाहिलं. ती गुडघा चोळत दुसरीकडं बघत होती.

"आई, बाकीच्यांना सांगितलंस का?"

"मी कशाला सांगू? नात्यातला माणूस हाय. आन त्यांचा रोज बुडंल."

मी रस्त्यावर गेले, बायकांना टायर दाखवला, तार नव्हती पण कडेला फुगा आलेला होता तोही दाखवला. चुलतभाऊ म्हणाला, "म्याडमचा तास सुरू झाला." दोघी-तिघी हसल्या. एकीनं विचारलं, "ताई, मग तुमच्या गाडीतनं सोडताय का बागेत?" आमची गाडी पहाटेच केळी घेऊन गेली होती. मी तसं सांगितलं. "मग?" ती म्हणाली, आणि फळीला हात घालून वर चढली.

अकरा जणी चढल्या. मी डेअरीला गेले, दूध तपासलं, आणि दिवसभर माझ्या मनात एकच गोष्ट येत राहिली, की आपली आई घरी आहे.