वाईट वरिष्ठाचं सोंग

ऑस्ट्रेलियातल्या मरी नदीकाठच्या एका गावात किडनीची डॉक्टर एकच, ग्वेन ट्रेलोर. बाई फटकळ, आणि वर त्याचा अभिमान. हाताखालच्या शिकाऊ डॉक्टरांना कसं घडवावं, हे मोठ्या डॉक्टरांना शिकवायला मेलबर्नहून एक गृहस्थ यायचे. त्यांच्या कार्यशाळेत ग्वेन चक्क घोरली. जाग आल्यावर ओशाळायचं सोडून म्हणाली, "यापेक्षा माझा कुत्रा बरं शिकवेल."

"कुत्र्याला सवड नसेल तर तुम्ही शिकवा," गृहस्थ शांतपणे म्हणाले. "मानधन नाही. सँडविच मिळतं."

सगळ्यांदेखत बोलून बसली होती, आता माघार कशी घेणार? अशा रीतीने ग्वेन स्वयंसेवक झाली.

पहिली कार्यशाळा तिने गावच्या बोल्स क्लबात, म्हणजे हिरवळीवर चेंडू गडगडवायच्या खेळाच्या क्लबात, ठेवली, कारण इस्पितळाच्या सभागृहात बियर मिळत नाही. गावोगावचे डॉक्टर झाडून आले. पुढच्याच रांगेत हृदयाचा डॉक्टर डेस्मंड पिकरिंग, हाताची घडी घालून.

"माझा बॉस माझ्या अंगावर फायली फेकायचा," तो म्हणाला. "काय बिघडलं माझं?"

"सांगितलं असतं, पण दुपार पुरायची नाही," ग्वेन म्हणाली. "चल, त्या खुर्चीत बस. तू शिकाऊ डॉक्टर. आता कुणीतरी उठा आणि वाईटातल्या वाईट वरिष्ठाचं सोंग आणा."

सिना लेओता उठली. लहानपणी सामोआहून आलेली, ग्वेनच्याच हाताखाली दोन वर्षं काढून आता स्वतः मोठी डॉक्टर झालेली. एरवी चारचौघांत तिचा आवाज ऐकू यायचा नाही. तिने टेबलावरचं पेन उचललं आणि चघळायला लागली. डेस्मंड रोग्याची हकीकत सांगतोय, तर हिची नजर मोबाइलवर. "हं. हं. पुढे."

"माझं काम बरं चाललंय ना?" डेस्मंडने विचारलं.

"अजून कुणी मेलं नाही ना? मग उत्तम." एवढं बोलून, त्याचं पुढचं वाक्य अर्धवट असतानाच ती चालायला लागली.

लोक हसून लोळायचे बाकी राहिले. सगळ्यांत मोठ्याने ग्वेन हसत होती. "डेस्मंड, ओळखलंस का स्वतःला?"

हसणं एकदम थांबलं. डेस्मंडने घसा खाकरला. "मी पेन चघळत नाही, ग्वेन."

ग्वेनने तोंडातलं पेन बाहेर काढलं. बघितलं. मग चहाची सुट्टी जाहीर केली.

बाहेर हिरवळीवर म्हातारी मंडळी चेंडू गडगडवत होती. सिना मागोमाग आली. "रागावलात?"

"हो. दोन वर्षं माझ्याकडे होतीस, तेव्हा तोंडाला कुलूप होतं?"

"तुम्ही कायम चालत असायचात. मागून धावता धावता काय सांगणार?"

"अजून काय काय करते मी?"

"पहिलं वर्षभर मला टीना म्हणत होतात."

"मग सांगायचं नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, उत्तम."

ग्वेन तडक मागे वळली. आत जाऊन ती स्वतःच शिकाऊ डॉक्टरच्या खुर्चीत बसली. "आता मला सांगा. नेमकं काय चुकतं आणि कधी. नुसतं 'छान आहे' म्हणणाऱ्याला बियर नाही."

मंडळी तुटून पडली. डेस्मंडला तर आवरावं लागलं. शेवटी तोच म्हणाला, "त्या फायलींचं म्हणशील, तर मागून कुणी आलं की मी अजून दचकतो." यावर मात्र कुणी हसलं नाही.

सोमवारी ग्वेनने आपल्या शिकाऊ डॉक्टरला, कॅलमला, बोलावून समोर बसवलं. नोकरी गेली अशा समजुतीने तो पांढराफटक पडला. "माझ्याबद्दल तक्रार सांग," ती म्हणाली. तो म्हणाला, सगळं छान आहे. तिने दात आवळून पुन्हा विचारलं. मग तो जो सुटला, तो चहा गार होईपर्यंत थांबला नाही.

त्यातलं निम्मं तिला पटलं नाही, पण ती मध्ये बोलली नाही. पुढच्या कार्यशाळेला सिनालाही बरोबर न्यायचं तिने तिथेच ठरवून टाकलं. सिनाला विचारायचं तेवढं राहून गेलं.