समुद्राकडे वळलेली बाई

डहाणूच्या एका शाळेत किनाऱ्याचे जुने फोटो मांडले होते. त्या काळी फोटोवाला "हलू नका" म्हणे आणि सगळे श्वास रोखून उभे राहत. एका फोटोत तर माणसांपेक्षा वाळत घातलेले बोंबीलच जास्त मोकळे दिसत होते. फक्त एक बाई ऐनवेळी समुद्राकडे वळली होती आणि तिच्या चेहऱ्याच्या जागी धुरकट डाग उमटला होता.

"मावशी, हिनं फोटो बिघडवला बघा," मी शेजारी उभ्या असलेल्या म्हातारीला म्हटलं.

"माजी आजी ती. आज्याची होडी आली नव्हती. फोटोवाल्याकडं कशाला बघंल?"

"तिचा दुसरा फोटो?"

"नाय. ह्योच एक."

वाट बघणाऱ्या माणसाचा फोटो कदाचित असाच येत असेल. म्हातारीनं काचेवरून पदर फिरवला. मग ती फोटोच्या कडेला सरकली आणि मान तिरकी करून बघू लागली, त्या बाजूनं तरी आजीचं तोंड दिसेल म्हणून.