दिवेलागणीला थांबणारा पंप

बर्मिंगहॅमच्या घरात आम्ही सेंट्रल हीटिंग बसवलं ते केवळ माझ्या आईसाठी. त्याआधीचे हिवाळे आम्ही नवराबायकोने पॅराफिनच्या एका शेगडीवर काढले होते. ती एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेताना केसांना आणि ब्लँकेटांना रॉकेलचा वास लागायचा, पण तक्रार करायला घरात तिसरं कुणी नव्हतं. मग वडील गेले आणि मिरजेला आई एकटी उरली. मी एकुलती एक. तिला कायमचं इकडे आणायचं, हे मी कुणालाही न विचारता ठरवून टाकलं होतं.

आईने मात्र अट घातली. "एक हिवाळा राहून बघते. सोसला तर राहीन, नाही तर परत. मग रडायचं नाही."

म्हणजे माझं सगळं त्या एका हिवाळ्यावर येऊन ठेपलं.

ती आली त्या दिवशी ह्यांनी तिला नवं यंत्र कौतुकाने दाखवलं. हे हॉस्पिटलात डॉक्टर. समजावून सांगायला मिळालं की यांची कळी खुलते. स्वयंपाकघरातला बॉयलर गॅसवर पाणी तापवतो, शेजारचा पंप ते गरम पाणी नळ्यांमधून प्रत्येक खोलीतल्या भिंतीलगतच्या लोखंडी रेडिएटरला पोचवतो. पण पंपाने कधी फिरायचं ते पंप ठरवत नाही. बाहेरच्या दारातून आत आलं की जो अरुंद पॅसेज लागतो, त्याला इथे हॉल म्हणतात. त्या हॉलच्या भिंतीवर एक छोटा डबा होता. तो थर्मोस्टॅट. हवा गार लागली की तो पंप चालू करतो, हवा उबदार झाली की टक् असा आवाज करून बंद करतो.

"म्हणजे रांधायचं स्वयंपाकघरात आणि वाढायचं केव्हा ते दारातल्याने सांगायचं!" आई म्हणाली. "असलं घर पाहिलं नव्हतं, जावईबापू."

पहिल्याच संध्याकाळी तिने दार उघडायला सांगितलं. दिवेलागणीला दार उघडं हवं, लक्ष्मी यायची वेळ असते. बाहेर गोठवणारं धुकं होतं. मी म्हटलं, "आई, लक्ष्मीसुद्धा कुडकुडेल गं." बरीच घासाघीस झाली आणि तडजोड ठरली. दार बंद राहील, पण दिवा दाराशी लावायचा. ह्यांनी हॉलच्या भिंतीवर एक फळी ठोकून दिली. आईने तिच्यावर देव मांडले, मिरजेहून आणलेली छोटी समई ठेवली. तेलाला मी केमिस्टकडून, इथे लोक कानात घालतात त्या ऑलिव्ह ऑइलची बाटली आणली. आईने वास घेऊन नाक मुरडलं, पण चालवून घेतलं. समई ती झोपेपर्यंत तेवत ठेवायची.

सकाळी घर उबदार असायचं. आई मोजे काढून गालिच्यावर फिरायची, रेडिएटरवर ओल्या साड्या वाळत घालायची. मला वाटायचं, जमलं. आणि संध्याकाळ झाली की घर गार पडायचं. रेडिएटर आधी कोमट, मग थंडगार. आई स्वेटरवर स्वेटर, त्यावर वडिलांचा मफलर, त्यावर तपकिरी शाल अशी गुंडाळून बसायची. तिला तसं बघणं मला झोंबायचं.

हीटिंगवाला माणूस सकाळी यायचा. सकाळी पंप छान गुणगुणत असायचा. तो माझ्याकडे बिचारी म्हणून बघायचा आणि चहा पिऊन जायचा. ह्यांनी डब्याचा काटा पार शेवटपर्यंत फिरवला, काडीचा फरक पडला नाही. एका संध्याकाळी डब्याला हात लावून म्हणाले, "चांगला गरम लागतोय. म्हणजे करंट येतोय." मी हात टेकले.

फेब्रुवारीत आई म्हणाली, "नाही गं सोसवत. सकाळी वाटतं राहावं, संध्याकाळी वाटतं तिकीट काढावं." मी रडले. अट होती तरी रडले. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला, तो हातही गारच होता. जाताना देव बरोबर नेले, समई मला ठेवली आणि तपकिरी शालही. म्हणाली, "मिरजेला कशाला लागतेय?"

ती गेल्यावर मला दिवा लावायचा धीरच होईना. त्या संध्याकाळी घर उबदार राहिलं. दुसऱ्याही. पंप रात्रीपर्यंत गुणगुणत होता आणि मला त्याचा संताप येत होता. आता कुणासाठी? मग एके दिवशी अपराध्यासारखं वाटून समई घासली, फळीवर ठेवली, वात लावली आणि तिथेच जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. थोड्या वेळाने डोक्यावरच्या डब्यात टक् झालं. पंप थांबला.

मी वर पाहिलं. फळीच्या बरोब्बर वीतभर वर तो डबा होता. ज्योतीची धग त्याला लागत होती आणि त्याला वाटत होतं, घर तापलंय. दिवा विझवायचा नसतो, म्हणून मी समई दोन्ही हातांनी उचलून स्वयंपाकघरात नेली. काही वेळाने पुन्हा टक् झालं आणि पंप सुरू झाला. मी ओट्याशी उभी राहून हसले आणि मग हसता हसता मला हुंदका आवरेना.

आईला लगेच पत्र टाकलं. दिवा दुसरीकडे ठेवू, घर गार पडणार नाही, परत ये. तिचं उत्तर आलं, "देवाच्या दिव्याला बोल लावू नकोस. पण येते. हा हिवाळा मोजायचा नाही." ह्यांनी स्वयंपाकघराच्या खिडकीशी नवी फळी ठोकली. आम्ही तिकिटाची चौकशीही केली. दसऱ्याच्या आधी, मिरजेलाच, झोपेत ती गेली.

समई त्यानंतर खिडकीशीच असायची आणि घर सगळ्या संध्याकाळी उबदार. पण फारच आठवण आली की मी ती उचलून हॉलमध्ये, जुन्या फळीवर नेऊन लावायचे. डब्याकडे कान लावून बसायचे. टक् झालं, पंप गप्प झाला की रेडिएटर हळूहळू निवायचे आणि घर गार होत जायचं, ती होती तेव्हा व्हायचं तसंच. मी तपकिरी शाल घट्ट लपेटून घ्यायचे.

अशाच एका संध्याकाळी हे ड्यूटीवरून घरी आले. हॉलमधल्या रेडिएटरला हात लावून पाहिला. मग समईकडे पाहिलं. मला वाटलं, आता समजावून सांगायला लागतील. पण कोट न काढताच ते माझ्याशेजारी पायरीवर बसले.

"तेल आहे का अजून?" त्यांनी विचारलं.

मी केमिस्टची बाटली पुढे केली. त्यांनी उठून समईत तेल घातलं.